ओली बाळंतीण

सकाळी पावणेआठ

रात्रपाळीची सिस्टर ओव्हर देते तेव्हा सगळं मोठ्यानं वाचते. कॉट नंबर, कितवी खेप, बीपी, ठोके, सलाईन किती उरलंय. पण एखाद्या कॉटवर आल्यावर तिचा आवाज खाली येतो. अठरा वर्षं मी ही ओव्हर घेतेय. आवाज खाली आला की पुढचं वाक्य मला आधीच कळतं.

आज तो तीन नंबरवर खाली आला. "पाथरीकडून आलीय, एकशेआठनं, पहाटे चारला. ऊसतोडीच्या टोळीतली आहे. दुसरी खेप, नववा लागलेला. बीपी एकशेसाठ-एकशेदहा. ठोके लागत नाहीत." जरा थांबून ती म्हणाली, "तिला अजून कुणी सांगितलं नाही."

मी परभणीतल्या एका रुग्णालयात अधिपरिचारिका आहे, नेमणूक लेबर रूमला. माझ्या चार्टवर बाळंतपणं आहेत, इंजेक्शनं आहेत, नोंदवह्या आहेत. ज्यांचं बाळ पोटात किंवा जन्मल्यावर जातं, त्या घरासाठी काय करायचं याचा रकाना चार्टवर नाही. ब्रिटनमध्ये या कामासाठी खास शिकलेल्या सुईणी-परिचारिका नेमलेल्या असतात. तिथं 'सँड्स' नावाची संस्था १९७८ पासून अशा आईबापांसाठी उभी आहे. आपल्याकडे असं पद नाही. काम मात्र आहे, आणि रोजच्या पाळीतूनच ते करावं लागतं. आम्ही चारपाच जणी ते एकमेकींच्या चुकांतून शिकलो. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांची नावं-गावं लिहिणार नाही, काही खुणाही बदलल्या आहेत.

ओव्हर संपली की पहिलं काम म्हणजे निळा दोरा. साडीच्या फॉलचा दोरा माझ्या पर्समध्ये असतोच. केसपेपरच्या कोपऱ्यातल्या भोकातून तो ओवायचा आणि एक गाठ मारायची. झाडणाऱ्या मावशींपासून डॉक्टरांपर्यंत, जो कुणी हा केसपेपर हातात घेईल त्याला कळावं की इथं बाळ नाही. फार पूर्वी मी दुसरीकडे नोकरीला असताना लसीकरणाचा ट्रे घेऊन एक सिस्टर अशाच एका बाईच्या कॉटशी आली होती. बीसीजी, पोलिओ, कावीळ अशा तिन्ही लशी ट्रेमध्ये मांडलेल्या. "बाळ कुठंय गं? पुढं आण." त्या बाईनं शेजारची मोकळी गादी हातानं चाचपून दाखवली. लस घेऊन आलेली सिस्टर वाईट नव्हती, तिला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. एका दोऱ्यानं ते टळलं असतं.

साडेआठ

ती बावीस-तेवीसची असेल. हाताला उसाच्या पात्याचे ओरखडे, काही जुने, काही ताजे. टोळी बीडकडची. गोदाकाठच्या आणि कालव्याच्या पट्ट्यातला ऊस तोडायला दिवाळीनंतर ती आली. कोप्या शेताच्या कडेलाच. नवरा-बायको मिळून एक कोयता, पहिलं लेकरू तीन वर्षांचं, त्याला सांभाळायला सासू सोबत.

दारात नवऱ्यानं मला अडवलं. "ताई, तिला आत्ताच नका सांगू. कळा द्यायची ताकद जाईल तिची."

बहुतेक घरांत हेच होतं. बाहेरच्या बाकावर नवऱ्याला, सासऱ्याला, भावाला सगळं कळलेलं असतं. जिच्या पोटात ते बाळ आहे तिला मात्र सगळे म्हणतात, "मशीन बिघडलंय, दुसरं आणतायत." मायेपोटीच करतात हे. पण तिला कळलेलं असतं. हात पोटावर ठेवून ती दोन दिवस वाट बघत असते. आपल्याला जे कळलंय ते इतर सगळे लपवतायत, हे तिला त्या दुःखाहून वेगळं असं एकटं पाडतं. मी नवऱ्याला म्हटलं, "दादा, तुम्ही आत या. तिच्या उशाशी उभे रहा. आपण मिळून सांगू." तो घाबरला, पण आला.

डॉक्टर मॅडमनी सोनोग्राफी पुन्हा केली, पडदा तिच्याकडे वळवून. मग हातमोजे काढून त्या स्टुलावर बसल्या. हे बसणं मी आमच्या नव्या डॉक्टरांना मुद्दाम सांगते. उभ्या माणसानं सांगितलेली वाईट बातमी हुकमासारखी लागते. आणि शब्द सरळ हवा. "ठोके लागत नाहीत" हे आमचं बोलणं झालं. ऐकणाऱ्या बाईला वाटतं, आता लागत नाहीत तर मग लागतील. मॅडम म्हणाल्या, "बाळाचं हृदय थांबलंय. तुझं बाळ पोटातच वारलंय."

खोलीत शेजारच्या टेबलावरचा पंखा तेवढा वाजत होता. ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. तरुणपणी मला या शांततेचं भय वाटे आणि मी ती काहीतरी बोलून भरून काढत असे. 'देवाची मर्जी', 'तू तरुण आहेस, परत होईल', 'एक आहे ना घरी' ही तिन्ही वाक्यं मी स्वतः वापरलेली आहेत. आता वापरत नाही. जे गेलं ते दुसऱ्यानं भरून निघणारं नव्हतं.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "परवापासून हलत नव्हतं. म्या कुणाला बोललेच नाही. खाडा पडंल म्हणून." आणि मग, "मोळी उचलली म्हणून झालं का?"

हा प्रश्न येतोच. उत्तर खरं द्यावं लागतं. 'तुझा काही दोष नाही' एवढं म्हणून सुटता येत नाही, कारण ती उरलेलं आयुष्य स्वतःच उत्तर शोधत बसते. मी तिला सांगितलं, "तुझं बीपी फार वाढलंय. बीपी वाढलं की वारेतून बाळाला रक्त नीट जात नाही. मोळीनं बीपी असं वाढत नाही. ते वेळेवर मोजायला हवं होतं, आणि ते मोजणं तुझ्या हातात नव्हतं." उसाच्या फडात बीपी कोण मोजणार? तिची नोंद गावच्या उपकेंद्रात, ती दीडशे किलोमीटर लांब कोपीत. दोन्हींच्या मध्ये जी जागा रिकामी राहते, तिथंच अशी बाळं जातात.

पुढचा प्रश्न नवऱ्याचा होता, "मग सिझर करून काढा ना, तिला कशाला त्रास?" तो चुकीचा नव्हता. पण बीपी असताना पोट फाडण्याची जोखीम तिनंच घ्यायची, आणि पुढच्या बाळंतपणाला तोच टाका आडवा येणार. मॅडमनी समजावून सांगितलं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्सल्फ चालू केलं, कळांचं औषध लावलं. वेदनेचं इंजेक्शन द्यायला मी आठवण केली. बाळ नाही म्हणून वेदना कमी होत नाहीत. उलट त्या वेदनेच्या शेवटी काही हाती येणार नसतं.

पावणेअकरा

आमच्या लेबर रूममध्ये टेबलांच्या मध्ये फक्त पडदे आहेत. पलीकडच्या टेबलावरची बाई सुटली, बाळ रडलं, कुणीतरी "मुलगाय गं" म्हणालं. माझ्या टेबलावरची डोळे मिटून पडली होती. मी तिचा हात धरला होता आणि तिनं माझा इतका आवळला की घड्याळाचा पट्टा मनगटात रुतला.

अशा बाळंतपणात एक क्षण येतो. बाळ बाहेर येतं आणि खोलीतल्या प्रत्येकाचे कान सवयीनं रडण्याची वाट बघतात. माझेही. अठरा वर्षांत ती सवय मोडली नाही, मोडू नये असंच मला वाटतं.

मुलगी होती. दोन किलो तीनशे ग्रॅम. वजन मी काट्यावर नीट घेतलं, नोंदवलं आणि तिला सांगितलं. दोन-तीन दिवस पोटात राहिल्यामुळं पोटरीवरची आणि खांद्यावरची कातडी सुटत होती. अशा बाळाला चोळून पुसायचं नसतं. कोमट पाण्यात कापूस भिजवून टेकवत टेकवत पुसायचं, डोकं तळहातावर धरून, कारण मान अगदीच सैल असते. ओठ काळपट जांभळे होते. केस मात्र दाट, ओले, कपाळावर चिकटलेले. मी ते मागं सारले. आमच्या एका कपाटात झबली-टोपरी ठेवलेली असतात. कुणी जुनी आणून देतं, कुणी वाचलेलं कापड शिवून देतं. त्यातलं पिवळं टोपरं घातलं, दुपट्यात गुंडाळलं, एक हात बाहेर ठेवला.

जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या पायाचा ठसा आम्ही केसपेपरवर घेतो. शेजारी आईच्या अंगठ्याचा. अदलाबदल होऊ नये म्हणून. टेबलावरचा तो जांभळा स्टॅम्प पॅड त्यासाठीच असतो. काही वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकीला सुचलं की अशा बाळाचा एक ठसा जादा घेऊन आईला द्यायला काय हरकत आहे? शाई आहे, कागद आहे. तेव्हापासून आम्ही जाडसर कागदावर दोन्ही पायांचे ठसे घेतो. पाऊल माझ्या बोटाएवढं. शाई कमी लावावी लागते, नाहीतर रेषा भरून जातात. मागं तारीख, वेळ आणि वजन लिहिते. काही बाया तो कागद घेतात, काही नाही म्हणतात. नाही म्हणणाऱ्यांचा मी पाकिटात घालून कपाटात ठेवते. दीड वर्षानं एक जण मागायला आली होती.

"बघायचंय का तुला?" मी विचारलं. आग्रह करत नाही. विचारते, आणि थोड्या वेळानं पुन्हा एकदा विचारते.

सासूबाई पडद्याआडून म्हणाल्या, "नगं नगं, बघितल्यानं जीव गुततो."

हे मी शेकडो वेळा ऐकलंय. एके काळी मी स्वतः म्हणत असे. नोकरीच्या सुरुवातीला अशाच एका बाईचं बाळ मी झटकन गुंडाळून बाहेर नेलं होतं. तिनं मान वर केली होती, मला दिसली होती, तरी मी नेलं. मला वाटलं, मी तिला वाचवतेय. पाच-सहा वर्षांनी बाजारात ती भेटली. तिनं मला ओळखलं. भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाली, "ताई, तुम्ही बघितलं होतं ना? कोणासारखं होतं?" मला आठवेना. त्या बाळाला पाहिलेली जगात मी एकटीच होते, आणि मला आठवेना. त्या दिवसापासून मी कुणाचंही बाळ असं नेलेलं नाही. आणि जीव तर नऊ महिने आधीच गुंतलेला असतो.

दाखवण्याआधी मी सांगते. "तिचे ओठ काळे झालेत. पायाची कातडी थोडी निघालीय. अंग गार आहे. चेहरा चांगला आहे." असं आधी सांगितलं की डोळे दचकत नाहीत. तिनं मान हलवली. मी मुलगी तिच्या कुशीत दिली, दिली म्हणजे ठेवली, कारण तिच्या एका हाताला सलाईन होतं. तिनं बाहेर ठेवलेला हात उघडला, एकेक बोट मोजलं. टोपरं वर सरकवून कान पाहिला. "कान माझ्या बापावानी हाय," ती म्हणाली. तेव्हा ती रडली. नवरा रडला. आणि मग सासूबाईंनी पडदा बाजूला केला, आत आल्या, नातीच्या कपाळावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली.

मी बाहेर गेले. अर्धा तास त्या पडद्याआड कुणाला जाऊ दिलं नाही. पुढची पेशंट ट्रॉलीवर थांबली होती, तिला दुसऱ्या टेबलावर घेतलं.

बारा

कागद. मृतजन्माची नोंद वेगळ्या फॉर्मवर होते, तीन नंबरच्या. जन्माचा एक नंबरचा, मृत्यूचा दोनचा. बाळानं बाहेर येऊन एक श्वास जरी घेतला असेल तर एक आणि दोन असे दोन्ही भरावे लागतात, म्हणजे ते जन्मलंही आणि वारलंही. श्वास घेतला नसेल तर तीन. त्यात आईचं नाव आहे, बापाचं आहे, बाळ मुलगा की मुलगी ते आहे. बाळाच्या नावासाठी ओळ नाही.

तिचा नवरा फॉर्म बघत म्हणाला, "आम्ही नाव ठरवलं होतं." मला सांगितलं. मी ते ठशांच्या कागदामागं लिहिलं, तारखेच्या वर.

मग त्यानं हळूच विचारलं, "आता हिला नेऊ कुठं?" तान्ह्या बाळाला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. गावात असता तर भावकी आली असती, स्वतःच्या बांधावर जागा होती. इथं परका मुलूख. तिला घेऊन गावाला जावं तर बायको इथं ॲडमिट. २०२५ च्या जूनमध्ये पालघरच्या मोखाडा तालुक्यातल्या एका बापानं आपलं मृत बाळ पिशवीत घालून एसटीनं गावी नेल्याची बातमी आली होती. ती बातमी वाचल्यापासून मी बापाला एकट्याला दारातून जाऊ देत नाही. ज्यांचा ऊस टोळी तोडत होती त्या मालकाचा नंबर त्याच्याकडून घेतला, मी स्वतः बोलले. मालक म्हणाले, "सिस्टर, माझ्या बांधावर जागा देतो. गाडी पाठवतो." असेही लोक असतात.

मी त्याला एकच सांगितलं. "दादा, जागा ध्यानात ठेवा. खूण ठेवा. फोटो काढा. ती कधीतरी विचारेल." आपल्याकडे या कामाला दोन पुरुष जातात, अंधार पडायच्या आत उरकून येतात, अंघोळ करतात आणि पुन्हा बोलत नाहीत. दहावं नाही, तेरावं नाही, म्हणून पाहुणे भेटायला येत नाहीत. आईला तर आपलं लेकरू कुठं ठेवलंय तेही ठाऊक नसतं. आणि बापाला तर कुणीच काही विचारत नाही. तो गाडी बघ, कागद बघ, चहा आण यात फिरत राहतो. मी त्याला पाण्याचा ग्लास दिला आणि बाकावर बसवलं. पाच मिनिटं तो काहीच करत नव्हता, ते बरं वाटलं.

एक

एसएनसीयूतून, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षातून, फोन आला. अकराशे ग्रॅमचं बाळ, चार दिवस झाले होते, आता थांबत चाललं होतं. आई वरच्या वॉर्डात. मी व्हीलचेअर घेऊन तिला आणायला गेले. बाळ गेल्यावर आईला बोलावण्यापेक्षा ते असतानाच बोलावलं पाहिजे, हे तिथल्या सिस्टरनं मनावर घेतलंय. काचेतून पाहिलेलं बाळ तिनं एकदाही हातात घेतलं नव्हतं.

शेवटी डॉक्टरांनी नळ्या काढायला सांगितल्या. गालावरची चिकटपट्टी तशीच ओढली तर एवढ्या कोवळ्या बाळाची कातडी निघते. सिस्टरनं तेलाचा बोळा पट्टीवर ठेवला आणि ती सुटेपर्यंत दहा मिनिटं वाट पाहिली. त्या दहा मिनिटांत फोन दोनदा वाजला, तिनं घेतला नाही. मग नळ्यांशिवायचा चेहरा आईनं पहिल्यांदा पाहिला.

कुटुंब मुस्लिम. पहिल्याच दिवशी आजोबांनी कानात अजान दिली होती, नाव ठेवलं होतं. श्वास घेतलेलं बाळ, म्हणून जनाज्याची नमाज होणार, आणि दफन लवकर, शक्य तर अस्रच्या नमाजाच्या आत. तिथं आमचं काम एकच, कागद अडू द्यायचे नाहीत. चाळीस मिनिटांत झाले.

दोन

ड्यूटी संपली. ओव्हर दिली, तीन नंबरवर माझाही आवाज खाली आला असेल. निळ्या दोऱ्याचं सांगितलं. पण निघण्याआधी वॉर्डात जायचं होतं.

तिथं कोपऱ्यातली कॉट आहे, खिडकीकडची. परवा बाळंत झालेली, बाळ गेलेली एक जण तिथं आहे. बाळंतिणींच्या वॉर्डात ठेवायचं की दुसरीकडे, हे आम्ही तिलाच विचारतो. बहुतेकींना दुसरीकडे हवं असतं. हिला इथंच राहायचं होतं, तिची बहीण याच वॉर्डात म्हणून.

तिला पान्हा फुटला होता. तिसऱ्या दिवशी फुटतोच, बाळ असो नसो. शरीराला कुणी निरोप दिलेला नसतो. ब्लाऊज पुढून भिजलेला, छाती दगडासारखी, अंगात कणकण. शेजारचं बाळ रडलं की धार लागायची आणि ती लाजेनं पदर ओढायची. कुणीतरी तिला फडकं करकचून बांधायला सांगितलं होतं. मी ते सोडलं. घट्ट आवळलं की गाठी होतात, पू होतो. गार पाण्याची घडी, आधार देईल एवढंच कापड, ठणका असह्य झाला तर थोडं दूध हातानं काढायचं, पूर्ण रिकामं करायचं नाही. दूध आटायची गोळी असते, ती डॉक्टरांनी बीपी बघूनच द्यायची. आज सकाळच्या तीन नंबरला ती देता येणार नाही. तिच्या नावापुढं मी आत्ताच तशी नोट लिहून ठेवली.

"ताई, एवढं दूध वाया चाललंय," ती म्हणाली. मी तिला मुंबईच्या सायन रुग्णालयाबद्दल सांगितलं. तिथं डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. अशा पेढ्यांत आया दूध देतात आणि ज्यांना आईचं मिळत नाही त्या कमी वजनाच्या बाळांना ते जातं. आपलं बाळ गेलेल्या काही आयाही देतात. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी ते चांगलं दूध हाय." तिला कुणीतरी सांगितलं होतं की मेलेल्या लेकराचं दूध वाईट असतं.

खाली आले तर तीन नंबरच्या सासूबाई पायरीवर बसून चहात पाव बुडवत होत्या. सून शिफ्ट झाली होती. मी शेजारी बसले. मला त्यांच्याशीच बोलायचं होतं, कारण या टोळीत पुढचा सव्वा महिना तिची डॉक्टर, नर्स सगळं हीच बाई.

"माय, तिच्या खाण्याचं काय करणार?"

"काय करायचं? भाकर खाईल. डिंकाचे लाडू वळायचे व्हते, गावाकडून डिंक-खोबरं आणलंय. पण आता कशाला? लेकरूच नाही."

हेच ते. याच वाक्यासाठी मी थांबते. आपल्या मुलखात गरिबातल्या गरीब बाईला आयुष्यात एकदा-दोनदाच कुणी उचलून धरतं, ते बाळंतपणात. अळीव, डिंक, मेथी, बाजेखाली शेगडी, कानाला फडकं, मालीश, सव्वा महिना पाण्यात हात नाही. बाळ गेलं की हे सगळं एका दिवसात थांबतं. जणू ते सगळं बाळासाठीच होतं. तिसऱ्या दिवशी ती हंडा उचलते, आठव्या दिवशी फडात. रक्त तेवढंच गेलेलं असतं, टाके तेच, गर्भाशय तेवढंच मोठं, बीपी अजून चढू शकतं. वर छातीत ते ओझं. तिला बाळंतिणीहून जास्त जपायला हवं, आणि आपण तिची बाळंतीणच काढून घेतो.

"माय," मी म्हटलं, "लेकरू नाही, पण ही ओली बाळंतीण आहे. लाडू वळा. शेक द्या. मालीश करा, पोटाला नाही, हातापायाला. डोकं दुखलं, डोळ्यापुढं अंधारी आली, पायावर सूज आली, अंगावर जास्त गेलं, ताप आला तर रात्र बघू नका, एकशेआठला फोन लावा."

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझं बी दुसरं असंच गेलं व्हतं. चवथ्या दिशी मला कांद्याच्या वाफ्यात धाडलं." त्यांनी हे आजवर कुणाला सांगितलं होतं का, मी विचारलं नाही. पाव खाली ठेवून त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "वळते लाडू."

माझं म्हणणं काही नवं नाही. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात 'मूल' या शब्दाच्या व्याख्येतच मृत जन्मलेलं मूल धरलेलं होतं. म्हणजे कायद्याच्या लेखी तिचं बाळंतपण झालेलं आहे आणि रजा तिच्या हक्काची आहे. आधीच्या महिन्यांत गर्भ पडला तरी सहा आठवडे. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांसाठी, बाळ मृत जन्मलं किंवा जन्मल्यावर लगेच गेलं तर, ६० दिवसांची विशेष रजा लागू केली. माझ्या ओळखीच्या एका बँकेतल्या मुलीला हे माहीतच नव्हतं. बाळ गेल्यावर पंधरा दिवसांनी ती कामावर हजर झाली होती. पण उसाच्या फडातल्या बाईला यातलं काय मिळतं? तिथं खाडा आहे, उचल फिटायची आहे, आणि नवऱ्याचा अर्धा कोयता एकट्यानं चालत नाही. मी टोळीच्या मुकादमालाही फोन केला. तो "बघतो" म्हणाला. मी त्याचा नंबर वहीत लिहून ठेवलाय, आठवड्यानं पुन्हा करणार आहे.

साडेचार

घरी. भात कुकरला लावून वही काढली.

वहीत फक्त तारखा आहेत आणि फोन नंबर. बाळ गेल्यापासून तिसरा दिवस, सातवा, पंधरावा, चाळिसावा. आशाताईंच्या गृहभेटींचा तक्ता मला तोंडपाठ आहे: ३, ७, १४, २१, २८, ४२. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्याच बायकांना शिकवून घरी जाऊन नवजात बाळं जपण्याची जी पद्धत उभी केली, तिच्यातून या भेटी देशभर आल्या. त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. इतकं मोठं काम. पण तक्ता बाळाचा आहे, त्याचं वजन, ताप, नाळ. बाळ नसलं की त्या घराकडे वळणारं पाऊल अडखळतं. आशाताईंनाही काय बोलावं कळत नाही. म्हणून मी त्यांना फोन करते. "ताई, तुम्ही जा. बीपी बघा, छाती बघा. बाळाचं नाव ठेवलं असेल तर नावानं बोला. आणि तिला झोप लागते का, जेवण जातं का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे तिसरं न घाबरता विचारा. विचारल्यानं तसं मनात येत नाही." तिनं हो म्हटलं तर घरच्यांना तिला एकटीला सोडू नका म्हणून सांगायचं, लगेच दवाखान्यात आणायचं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर मी प्रत्येकीच्या पिशवीत चिठ्ठीवर घालते. त्यावर मराठीत बोलता येतं.

आज चाळिसाव्या दिवसाची एक होती, जिंतूरकडची. तिनं फोन घेतला नाही. जावेनं घेतला आणि म्हणाली, "ती बरी हाय, कशाला आठवण काढून देता?" मी म्हटलं, "बरं," आणि ठेवला. वहीत त्या तारखेपुढं टिंब काढलं. पुढच्या आठवड्यात आशाताईंना सांगेन. सगळे फोन लागत नाहीत.

२०२१ या एका वर्षात जगात सुमारे १९ लाख बाळं मृत जन्मली, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे, आणि सर्वांत जास्त आपल्या देशात. २०३० पर्यंत हजारी दहाच्या आत हा आकडा आणायचं आपल्या सरकारनं २०१४ मध्येच ठरवलंय. तो आला पाहिजे. बीपीचं मशीन फडापर्यंत गेलं पाहिजे. पण तो अगदी एकावर आला तरी त्या एकीच्या कॉटशी कुणीतरी स्टूल ओढून बसलंच पाहिजे.

रात्री पावणेआठ

अनोळखी नंबर. मी उचलला.

"ताई, मी... तीन नंबरचा." त्याला स्वतःची दुसरी ओळख सुचली नाही. मागं कुठंतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती. "झालं सगळं. मालकानं बांधावर जागा दिली, लिंबाच्या बुडाला. पाटाच्या कडंचा पांढरा दगड ठिवलाय वर. मोबाईलात फोटू काढलाय."

"बरं केलंत."

"तिला दाखवू का उद्या? का नको?"

"तिला विचारा. बघायचाय का म्हणून."

तो थांबला. "ताई, फोटूत दगडच हाय निस्ता."

"असू द्या," मी म्हटलं. "तिला कळेल."